शून्य नंबरचे पाय

१

घरात ती थोरली, म्हणून आपणही तिला थोरलीच म्हणू. इस्पितळात तिला सगळे ताई म्हणायचे, पण तिथे काय, झाडूवालीपासून मेट्रनपर्यंत सगळ्याच ताई.

तिचं काम कमरेपासून खाली. ज्याचा खुबा झिजलाय अशा पेशंटचा स्कॅन तिच्याकडे यायचा. त्यावरून ती कमरेच्या हाडांचा घेर, मांड्या, गुडघे, नडग्या, पावलं असं सगळं कॉम्प्युटरात उभं करायची, त्यावर स्नायूंच्या लाल दोऱ्या ताणायची आणि त्या अर्ध्या माणसाला पडद्यावर चालवायची. टाच टेकली की स्पीकरमधून टक् असा आवाज यायचा. ती चाल बघून डॉक्टर ठरवायचे, नवा सांधा केवढा घालायचा आणि कसा बसवायचा. चार-पाच मिलिमीटर इकडचे तिकडे झाले की माणूस जन्मभर लंगडतो आणि डॉक्टरांच्या नावाने बोटं मोडतो.

पडद्यावरच्या या मंडळींना पोट नाही, छाती नाही, डोकं तर नाहीच. "डोकं नाही म्हणून तर शहाण्यासारखी चालतात," असं फौजदारबाई म्हणायच्या. या तिथल्या फिजिओथेरपिस्ट. पेशंटना दरडावून चालवायच्या म्हणून त्यांना हे नाव पडलं होतं, आणि ते त्यांना आवडायचं.

खोली लांबलचक होती. मधोमध बारा पावलांची लाकडी पट्टी, भिंतीवर आठ कॅमेरे, आणि काचेपलीकडे थोरलीचं टेबल. खिडकी उत्तरेची, त्यामुळे दिवसभर सारखाच पांढरा उजेड. बावीस वर्षं ती त्या खुर्चीवर बसत होती आणि आपलं बरं चाललंय असं तिला वाटायचं. निदान कामाचं तरी.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. प्रत्येक पेशंटची हाडं कुणी पहिल्यापासून घडवत नाही. चांभाराकडे लाकडी साचा असतो, तसा इथेही एक साचा होता. तोच ताणून, दाबून, वळवून पेशंटच्या मापाचा करायचा. पेशंटचे नंबर एकपासून सुरू व्हायचे, म्हणून साच्याचं नाव शून्य नंबर.

शून्य नंबर म्हणजे थोरलीची धाकटी बहीण.

अकरा वर्षांपूर्वी यंत्रं नवी आली तेव्हा एका धडधाकट बाईचा स्कॅन हवा होता. फुकटात कोण येणार? शेवटी घरचंच माणूस. धाकटी नटूनथटून आली आणि यंत्रात आडवी होता होता म्हणाली, "वरचंही घे की गं! चेहरा काय वाईट आहे माझा?"

"चेहरा लागत नाही आम्हाला."

"मग आधी नाही का सांगायचं? उगाच पावडर लावली."

त्याच दिवशी कॅमेरे तपासायला थोरली स्वतः त्या पट्टीवरून चालली होती. तिची चाल भरभर. तोच वेग मशीनमध्ये कायमचा नोंदला गेला, आणि पुढे पडद्यावरचा प्रत्येक जण त्याच वेगाने चालायला लागला. बदलायची कधी कुणाला गरज वाटली नाही.

२

त्या मंगळवारी टपालवाल्या बाईंचं मॉडेल तयार झालं. या बाई घरोघर टपाल वाटत, तेही पायी. डावा खुबा पार गेला होता. स्कॅनला आल्या तेव्हा थोरलीचा हात धरून म्हणाल्या होत्या, "हे बघा ताई, माझे पाय म्हणजे माझं पोट. नवीन काय घालायचं ते घाला, पण पाय माझेच राहू द्या हं."

थोरलीने मॉडेल चालू केलं आणि ते तसंच ठेवून चहा आणायला गेली. एरवी ती चार पावलं बघून बंद करायची, कारण डॉक्टरांना तेवढीच लागतात. कप घेऊन परत आली तेव्हा पाय चालतच होते. टक्, टक्, टक्, टक्. मग टक्टक्.

ती कप हातात घेऊन उभी राहिली.

चार सरळ पावलं, आणि मग दोन छोटी, धावती. पुन्हा चार सरळ. पुन्हा टक्टक्.

"उंदीर गेला असेल पायाखालून," फौजदारबाई काचेतून म्हणाल्या.

थोरली हसली. कुठेतरी आकडा चुकला असणार, दुसरं काय? तिने स्नायू तपासले, सांधे तपासले. सगळं जागच्या जागी होतं. मग तिने मागच्या महिन्यातलं एक मॉडेल उघडलं आणि चार पावलांवर न थांबवता चालू ठेवलं. मग त्याच्या आधीचं. मग गेल्या वर्षीचं एक. एक दांडगा गवंडी, एक म्हातारी आजी, एक विशीतली मुलगी. तिघंही पाचव्या पावलाला धावत होती, आणि तिघांचं धावणं एकसारखं होतं.

चहा निवून गेला. तिने आवाज बंद केला तेव्हा खोली फार मोठी वाटायला लागली.

३

गुरुवारी शिंपीकाका तपासणीला आले. चार महिन्यांपूर्वी त्यांचा डावा खुबा बदलला होता, थोरलीच्याच मॉडेलवरून.

"कसं काय काका?"

"दुखत नाही. डॉक्टरांना शंभर वर्षं आयुष्य मिळो." काका पट्टीच्या टोकाला उभे राहिले. "पण ताई, पाय कसा परका वाटतो हो. दुसऱ्याच्या मापाची विजार घातल्यासारखा."

"चला!" फौजदारबाईंनी हुकूम सोडला.

काका चालले. एक, दोन, तीन, चार. आणि मग सत्तर वर्षांचा तो जाडजूड माणूस दोन छोटी पावलं पळाला.

"अहो, पळताय काय? शर्यत आहे का?"

काका ओशाळले. "घरीसुद्धा होतं असं. बायको हसते. काय सांगू, चालायला लागलो की वाटतं पुढे कुणीतरी आहे. निघून चाललंय. आणि आपण मागे पडतोय." त्यांनी पट्टीच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. तिथे रिकामी खुर्ची होती. "वाईट वाटतं हो फार. कुणासाठी तेच कळत नाही."

फौजदारबाईंनी पाय मोजले. डावा सहा मिलिमीटर आखूड भरला.

थोरलीने तो आकडा कागदावर लिहिला. काकांचे दोन्ही पाय जन्मापासून सारखे होते, जुन्या तपासणीत तसं लिहिलेलंच होतं. सहा मिलिमीटर आखूड डावा पाय तिच्या माहितीत एकाच माणसाचा होता.

४

लहानपणी शाळेत जाताना थोरली पुढे, धाकटी मागे. थोरलीच्या टांगा लांब, आणि धाकटीचा डावा पाय किंचित तोकडा. कुणाला दिसायचा नाही इतका किंचित, पण ती मागे पडायची. मग दोन पावलं पळून गाठायची. चार पावलं चालणं आणि दोन पळणं, असं ती चाळिसाव्या वर्षीसुद्धा चालायची. "जरा मागे बघत जा गं," असं म्हणायची. थोरली म्हणायची, "मागे बघितलं की उशीर होतो."

तीन वर्षांपूर्वी एका शनिवारी दोघी आईचा चष्मा आणायला निघाल्या होत्या. दुकान एकला बंद व्हायचं. मोठा रस्ता ओलांडायच्या लोखंडी पुलावर, वरच्या पायऱ्यांपाशी, धाकटी म्हणाली, "थांब ना. छातीत कसंतरी होतंय. जरा बसते."

"तुझं नेहमीचंच. बस तू, मी घेऊन येते."

आणि थोरली गेली. मागे न बघता गेली. दुकानात रांग होती. काच जरा सैल होती, ती घट्ट करून घेतली. वीस-पंचवीस मिनिटं लागली असतील. परत आली तेव्हा पायरीभोवती माणसं उभी होती, आणि त्यांच्या पायांतून तिला धाकटीचे गुडघे दिसले, एकमेकांना टेकलेले.

आईला तिने सांगितलं, "मी जवळच होते. हात हातात होता माझ्या."

आई अजून म्हणते, "तेवढंच समाधान बघ, एकटी नव्हती पोर." म्हणते आणि चष्मा काढून पुसते. तोच चष्मा.

थोरली त्या पुलावर पुन्हा चढली नाही. खालच्या सिग्नलवरून वळसा घालून जायची, पंधरा मिनिटं जास्त लागली तरी.

५

आता तिची खरी चूक. चूक कसली, लबाडीच.

धाकटी गेल्यावर चार महिन्यांनी डॉक्टरांनी सांगितलं होतं, की साचा बदला. काम वाढलं होतं. पूर्वी थोरली एकेक हाड हाताने तपासायची, पण आता साचा आपोआप ताणला जाणार होता, आणि पेशंटचा झिजलेला सांधा स्कॅनमध्ये पुसट दिसला की तिथे साचाच आपलं हाड भरणार होता. तेव्हा एका माणसाचा साचा चालायचा नाही. चाळीस जणांची सरासरी काढून नवा करा, असं डॉक्टर म्हणाले. थोरलीने आठवड्याने सांगितलं, "केला."

केला नव्हता. जुन्या फाइलला नवं लेबल लावलं होतं, एवढंच. चाळीस जणांत धाकटीला मिसळून टाकायचं तिच्या जिवावर आलं. घरातले कपडे आईने देऊन टाकले होते, फोन बंद झाला होता. कॉम्प्युटरात का होईना, तिची हाडं होती. सकाळी खुर्चीवर बसलं की थोरली आधी ती उघडून बघायची आणि मग कामाला लागायची.

म्हणजे पाय आखूड का, याचं उत्तर तिच्यापाशी होतं. ते पायांना पुरेसं होतं, चालीला नव्हतं. शून्य नंबरमध्ये फक्त हाडांचे आकार होते. धाकटी त्या पट्टीवरून कधी चाललीच नव्हती.

शुक्रवारी दुपारी फौजदारबाई जेवायला गेल्यावर थोरलीने शून्य नंबरवर स्नायू ताणले आणि तिला पहिल्यांदा चालवलं. साच्याला कोण चालवतं? अकरा वर्षांत कुणी चालवलं नव्हतं.

टक्, टक्, टक्, टक्, टक्टक्.

थोरलीने वेग कमी केला. तो तिचा स्वतःचा वेग होता हे तिला त्या क्षणी आठवलं. तिने तो निम्म्यावर आणला, आणि धावणं थांबलं. पाय सावकाश, सरळ चालायला लागले, सोबतीने चालावं तसे. पुन्हा वेग वाढवला, पुन्हा टक्टक्. तिने हे सात वेळा केलं. सातही वेळा तसंच झालं.

आठव्या वेळी वेग पूर्ण ठेवून ती नुसती बघत बसली. तेव्हा मधेच टक् आलं नाही.

पाय थांबले होते. कमर डावीकडे कलली. तिथे हात असता तर तो कठड्याला टेकला असता. मग गुडघे वाकले, हळूहळू, आणि ते पाय बसले. खाली काहीच नव्हतं. पायरीएवढ्या उंचीवर, हवेत, ते नीट बसले, आणि दोन्ही गुडघे एकमेकांना टेकले.

त्या प्रोग्रामला चालण्याखेरीज काही येत नव्हतं. बसायचं कसं ते त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. थोरलीला हे पक्कं माहीत होतं, कारण शिकवणारी तीच होती.

"अगं, मी येतच होते," ती पडद्याला म्हणाली. मग तिला हुंदका फुटला आणि तिने तोंडावर दोन्ही हात दाबून धरले, कारण बाहेर फौजदारबाईंच्या चपला वाजत होत्या.

६

शनिवारी तिने डॉक्टरांना सगळं सांगितलं. म्हणजे लबाडी सांगितली. पाय बसले ते नाही सांगितलं.

डॉक्टरांनी विचारलं, "किती पेशंट?"

"तीन वर्षांतले एकशे बारा."

"तुम्हाला कळतंय का, तुम्ही काय केलंत?"

"कळतंय."

एकशे बारा जणांना बोलवायचं, मोजायचं, बुटात तळवा घालून भागतंय का बघायचं, असं ठरलं. चौकशी होणार होती. तिची खुर्ची राहते की जाते ते नंतर. पण टपालवाल्या बाईंचं ऑपरेशन बारा दिवसांवर होतं आणि खरा साचा करणारं दुसरं कुणी नव्हतं. "तेवढं करून द्या," डॉक्टर तिच्याकडे न बघता म्हणाले.

नऊ दिवस ती चाळीस माणसांची हाडं एकावर एक रचत होती. धाकटीला तिने त्यांत घेतलं नाही. दहाव्या दिवशी टपालवाल्या बाईंचं नवं मॉडेल उभं राहिलं. तिने ते चार पावलांवर थांबवलं नाही. चारशे पावलं चालू दिलं. ते जरा फेंगडं, ठाम, टपालाची पिशवी खांद्यावर असल्यासारखं एका बाजूला झुकून चाललं. दुसऱ्या कुणाचंही नव्हतं ते. फौजदारबाई बघून म्हणाल्या, "ही बाई घराची घंटा वाजवल्याशिवाय राहायची नाही."

उरला शून्य नंबर.

एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन घरी ठेवली तर कुणाचं काय बिघडतं? थोरलीने पेनड्राइव्ह लावलासुद्धा. मग तिला शिंपीकाका आठवले, रिकाम्या खुर्चीकडे बघत उभे असलेले. इतकी वर्षं ती पोर परक्यांच्या पायांनी तिच्यामागे धावत होती आणि तिला वाटत होतं, आपण तिला जपतोय.

तिने पेनड्राइव्ह काढला. कायमचं काढून टाकायचं का, असं कॉम्प्युटरने विचारलं. तिने हो म्हटलं. काही झालं नाही. पडदा करडा झाला, एवढंच.

तिने पर्स उचलली आणि स्पीकर बंद आहे ना, ते बघितलं. बंद होता.

७

बाहेर लख्ख दुपार होती. थोरली सिग्नलकडे वळली नाही. सरळ पुलाकडे गेली.

लोखंडी पायऱ्या पायाखाली वाजत होत्या. समोरून दोन बाया भाजीच्या पिशव्या घेऊन उतरत होत्या, एक माणूस फोनवर कुणाशी तरी भांडत होता. त्या सगळ्या गलबल्यात तिला मागून तो आवाज नीट ऐकू आला. चार पावलं, आणि मग दोन, धावती.

कुणाचं तरी पोर असेल, तिने स्वतःला सांगितलं. पुलावर शंभर माणसं चालतात.

ती सावकाश झाली. मागचं धावणं थांबलं. पावलं सरळ पडायला लागली, तिच्या पावलांबरोबर, एका तालात.

तिच्या मानेवर काटा आला होता. पळावं, असं पायांना वाटत होतं. पण तिला भीतीपेक्षा दुसरंच काही जास्त होत होतं. वरच्या पायऱ्यांपाशी, नेमक्या त्या पायरीवर, ती बसली. कठड्याच्या बाजूची जागा तिने मोकळी सोडली.

मागची पावलं तिच्याशेजारी येऊन थांबली. लोखंड जरासं दबलं.

थोरली समोर बघत राहिली. डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला दोन गुडघे दिसत होते, एकमेकांना टेकलेले. डाव्या पायाची टाच पायरीला पुरती टेकत नव्हती. खालून एक मुलगा सायकल खांद्यावर घेऊन चढत आला आणि शेजारून जाताना त्याने पाय थोडा लांबून टाकला, बसलेल्या माणसाला लागू नये म्हणून टाकतात तसा.

मागे बघितलं की उशीर होतो, असं ती जन्मभर म्हणत आली होती. आता कसला उशीर? तिला तो चेहरा बघायचा होता. एकदाच, पावडर लावलेला, चिडवणारा. तिने मान वळवली आणि गुडघ्यांवरून, मांड्यांवरून, कमरेपर्यंत नजर वर नेली.

कमरेच्या वर कठड्याची लोखंडी जाळी दिसत होती, आणि तिच्यापलीकडे ऊन.

जेवढं तिने जपून ठेवलं होतं, तेवढंच आलं होतं.

खाली रस्त्यावर गाड्या जात होत्या. पर्समध्ये आईचा फोन वाजला आणि वाजून वाजून बंद झाला. शेजारचे गुडघे तिच्याकडे किंचित वळले, वाट बघितल्यासारखे.

"बस," ती शेवटी म्हणाली. "बस तू. मी कुठे जात नाही."